पालकाच्या जागी सही करणाऱ्या ताई



'माझी आई' हा निबंध आपण दरवर्षी देतो. मीही चौथीच्या वर्गाला दिला. माझ्या वर्गात जवळच्या बालगृहातल्या पाच मुली आहेत. त्यातल्या एकीने फारच सुंदर लिहिलं. आई पहाटे उठते, डबा करते, आजारी पडले की रात्रभर उशाशी बसते. अक्षर वळणदार, एकही चूक नाही. मी 'खूप छान' असा शेरा दिला आणि तिला तो वर्गासमोर वाचायलाही लावला.

दोन दिवसांनी बालगृहाच्या अधीक्षिका शाळेत आल्या. मला वाटलं, कौतुक ऐकायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "बाई, तो निबंध गाईडमधून उतरवलेला आहे. वर्गात वाचल्यापासून पोरगी रात्री झोपत नाही. पुढच्या वेळी असा विषय असला तर मला आधी सांगाल का?"

मी विचारलं, "तिला आई नाही का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "ते तिचं आहे, बाई. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. मी नाही सांगणार."

डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. पण मूल सांभाळणं म्हणजे त्याची गोष्टसुद्धा सांभाळणं, हे मला त्या दिवशी कळलं. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्येही अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. आपण मात्र वर्गात सहज म्हणून जातो, "अनाथाश्रमातल्या मुलांनी उभं राहा." मुळात बालगृहातली सगळी मुलं अनाथ नसतातच. कुणाची आई आजारी असते, कुणाचे वडील तुरुंगात, कुणाच्या घरी सांभाळणारं कुणी नसतं. बालकल्याण समितीच्या आदेशाने ती तिथे आलेली असतात.

अधीक्षिका नक्की काय करतात?

आपल्याला वाटतं, त्यांना काय काम! स्वयंपाकाला बाई, राखणीला शिपाई, यांनी फक्त सह्या करायच्या. पण दिवस बघा त्यांचा. सकाळी कुणाचा ताप, कुणाची दप्तराची तक्रार. मग समितीपुढची तारीख, दवाखाना, धान्याचा हिशेब, प्रत्येक मुलाचा काळजी आराखडा. वडिलांची कागदपत्रंच नाहीत, मग जातीचा दाखला काढायचा कसा? ती खेपही त्यांचीच. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलीला कुणी हसू नये म्हणून चादर गुपचूप बदलायची, हेही त्याच बघतात. काळजीवाहक मावशी थकल्या, चिडल्या, तर त्यांनाही समजावायचं. आणि सणाच्या सुट्टीत काही मुली घरी जातात, काही जात नाहीत. ज्या जात नाहीत त्यांच्यासाठी थांबायचं, म्हणजे स्वतःच्या घरची दिवाळी अर्धी सोडायची.

माझं मत

हे पद कागदाचं की मुलांचं, हे आपण ठरवायला हवं. आज कागद जिंकतो. एकाच व्यक्तीने रजिस्टरंही भरायची आणि मुलांच्या मनातलंही ओळखायचं, ही अपेक्षा चुकीची आहे. दप्तराचं काम करायला वेगळा माणूस द्या. हे पद 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून कुणाच्याही गळ्यात मारू नका. एकदा सोडून गेलेल्या माणसांमुळेच जे मूल तिथे आलं, त्याच्यापुढे दर काही महिन्यांनी नवा चेहरा आणणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं.

कुणी म्हणेल, बालगृहांत मुलांवर अन्याय झाल्याच्या बातम्याही येतात, मग तपासण्या आणि नोंदी नकोत का? हव्यातच. अधीक्षिका चांगल्या आहेत म्हणून तपासणी टाळता येणार नाही. पण नोंदवही पूर्ण आहे म्हणजे मूल सुरक्षित आहे, असंही नाही. ज्या मुलीला रात्री झोप येत नाही, तिची नोंद कुठल्या रकान्यात करणार? ती कुणाच्या तरी लक्षातच यावी लागते.

आपण शिक्षक काय करू शकतो?

१) निबंधाला पर्याय द्या. 'माझी आई' किंवा 'मला जीव लावणारी व्यक्ती'.

२) 'उद्या आई-बाबांना घेऊन या' असं न म्हणता 'घरातल्या मोठ्यांना' म्हणा.

३) पालक सभेचा निरोप बालगृहात आवर्जून द्या. अधीक्षिका आल्या तर त्यांना मागच्या बाकावर नको, पालकांत बसवा.

४) मुलाच्या वागण्यात बदल दिसला तर त्याची चौकशी वर्गात नको, त्यांच्याशी एकट्याने बोला.

५) वस्तू वाटताना त्या मुलांना वेगळं उभं करून फोटो काढू नका.

अठरा वर्षं पूर्ण झाली की या मुलांना बालगृह सोडावं लागतं. काहींना एकवीसपर्यंत अनुरक्षण सेवेचा आधार मिळतो, पुढे वाट त्यांची त्यांनीच चालायची. तेव्हा आपलं म्हणून फोन करायला एक तरी नंबर त्यांच्याकडे असावा, एवढीच अपेक्षा. तो बहुतेक वेळा अशा एखाद्या ताईंचाच असतो. आपलाही असायला काय हरकत आहे?

त्या मुलीला मी नंतर दुसरा विषय दिला. तिने बालगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींवर दहा ओळी लिहिल्या. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी एकही लाल खूण केली नाही.