दारचा हत्ती आणि त्याचा चारा

मध्यमवर्गीयाने मोटार घ्यावी की घेऊ नये, हा वाद आता निकालात निघाला आहे. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही सोसायटीच्या आवारात सायंकाळी डोकावून पाहावे, म्हणजे त्याची खात्री पटते. परंतु गाडी घेताना हजारपाचशे रुपयांसाठी विक्रेत्याशी तासभर हुज्जत घालणारा हाच गृहस्थ, ती पोसण्याच्या खर्चाकडे मात्र दैवाधीन गोष्टीप्रमाणे पाहतो. कर्जाचे हप्ते पाचसात वर्षांत फिटतात. पेट्रोल, विमा, टायर आणि दुरुस्ती यांची बिले मात्र गाडी दारात असेतोवर येतच राहतात!

हिशेब साधा आहे. महिन्याला १००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाकाठी ८०० लिटर पेट्रोल पिते. भाव लिटरला १०० रुपये धरला, तर ही रक्कम ८०,००० रुपये होते. मुंबईने मे २०२१ मध्ये ही शंभरी प्रथम ओलांडली. पेट्रोल वस्तु व सेवा कराच्या बाहेर ठेवलेले असल्यामुळे केंद्राचा अबकारी कर आणि राज्याचा मूल्यवर्धित कर असे दोन्ही त्याच्यावर बसतात. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. २० टक्के मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. ऊस उत्पादकाचे भले व्हावे आणि परकीय चलन वाचावे, हे हेतू आम्हांस मान्य आहेत. पण त्याची किंमत ग्राहकाने मोजावयाची असेल, तर पंपावर भावात तेवढी सूट का नसावी, याचे उत्तर सरकारने द्यावयास हवे.

सरकार भाव उतरवील तेव्हा उतरवील. दरम्यान चालकाच्या हाती, किंबहुना त्याच्या उजव्या पायात, बरेच काही आहे. पुढचा सिग्नल लाल दिसत असूनही वेग वाढवावयाचा आणि तेथे पोहोचून करकचून ब्रेक दाबावयाचा, हा आपल्या शहरांतील रोजचा प्रकार पेट्रोल जाळून ब्रेकच्या पट्ट्या झिजविण्याचा उद्योग होय. उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर इंधन फुकट जाळते. टायरमध्ये हवा कमी असली, तर इंधन जास्त लागते आणि टायरच्या कडाही अकाली झिजतात. हवा किती असावी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. ती पट्टी वाचलेला गाडीवाला आम्हांस क्वचितच भेटला आहे. उलट, साध्या इंजिनात महागडे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल ओतून गाडीला टॉनिक पाजल्याचे समाधान मिळविणारे पुष्कळ भेटतात.

विम्याची गोष्ट याहून गमतीची आहे. सलग ५ वर्षे दावा केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या हप्त्यात ५० टक्के सवलत मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते, आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी पायरी पायरीने चढावी लागते. मूळ हप्ता १०,००० रुपये आणि तो स्थिर धरला, तर बंपरच्या ३००० रुपयांच्या दाव्यापायी पुढील ५ वर्षांत १२,५०० रुपये अधिक भरावे लागतात! ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, आणि गाडी विकल्यावर ती नव्या गाडीला लावून घेता येते, हे तर अनेकांच्या गावीही नसते.

परंतु खरी लूट होते ती दुरुस्तीत. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. ती काही फार गुणी गाडी होती असे नव्हे. पण नाक्यानाक्यावरच्या मिस्त्र्याला ती खोलता येत होती आणि तिचा सुटा भाग बाजारात मिळत होता. आजच्या गाडीच्या पोटात संगणक आहे. तो वाचण्याचे साधन आणि अस्सल सुटे भाग कंपनीने आपल्याच दारात कुलूपबंद करून ठेवले, तर ग्राहक जाणार कोठे? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच कारणासाठी. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करावेत, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, आणि सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्याने स्पष्ट केले. कंपन्या अपिलात गेल्या. त्या लढाईची कथा लांब आहे.

ग्राहकाला मात्र आजही सर्व्हिसिंगच्या टेबलापाशी जुनीच धमकी ऐकू येते. किलोमीटर पुरे होण्याआधीच तेल बदलावयाचे, इंजिनाच्या नळ्या धुवावयाच्या, अमुक लेप द्यावयाचा अशी यादी पुढे सरकविली जाते, आणि सुशिक्षित माणूस भिडेपोटी सही करतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत कोणते काम किती किलोमीटरवर करावे, हे स्पष्ट लिहिलेले असते. त्याबाहेरच्या प्रत्येक कामाचे कारण लेखी मागावे आणि बदललेला भाग परत मागावा. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांत मात्र काटकसर नको. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर टाकून दिलाच पाहिजे.

केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केले, आणि त्यात मोटारींचाही समावेश आहे. हे स्वागतार्ह असले, तरी पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक भागाची किंमत आणि प्रत्येक कामाची मजुरी दर्शनी भागात लावणे, सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना वाजवी भावात देणे, आणि वॉरंटीची खोटी भीती घालणाऱ्यास दंड करणे, एवढ्या तरतुदी संसदेने एका छोट्या विधेयकात कराव्यात. महाराष्ट्राच्या खासदारांपैकी निदान एकाने तरी येत्या अधिवेशनात हा प्रश्न उपस्थित करावा. त्यांच्याही दारात मोटारी उभ्या आहेत. त्यांची बिले कोण भरतो, हा प्रश्न निराळा.