गडगडाट ऐकणारा माइक

डहाणू म्हटलं की काय आठवतं? चिकू, समुद्र आणि विरारच्या पुढे धावणारी लोकल. वीकेण्डचा बेस्ट प्लॅन! पण तिथे राहणाऱ्यांसाठी ह्या यादीत आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या छोट्या धक्क्यांची रांगच लागली. भिंतींना तडे गेले, लोक थंडीत तंबूत झोपले. धक्क्याबरोबर जमिनीतून गडगडाट येतो, असंही लोक सांगत.

तिथलाच एक मित्र अंधेरीत नोकरी करतो, आईबाबा गावी. परवा म्हणाला, ‘साउंड सेन्सर घेतलाय. गडगडाट झाला की बझर वाजणार. कसा आहे फंडा?’

फंडा सही आहे बॉस, पण सेन्सर चुकीचा!

लॅमिंग्टन रोडला मिळणारं हे मॉड्यूल म्हणजे बोटभर पट्टी. तिच्यावरची चंदेरी डबी हा इलेक्ट्रेट माइक, शेजारी एलएम३९३ चिप आणि स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा निळा पॉट. पॉटने मर्यादा ठरवायची. आवाज तिच्यावर गेला की आउटपुट बदलतं. बस्स! टाळीवर दिवा लावायला झकास. पण त्या चिपला आवाज मोठा की छोटा, एवढंच कळतं. गडगडाट, ट्रकचा हॉर्न, पत्र्यावर पडलेला नारळ, तिच्या लेखी सगळं सारखंच.

शिवाय भूकंपात घर हलवणारी कंपनं बहुतेक सेकंदाला १ ते १० असतात. आपल्याला २० च्या खालचं ऐकू येत नाही आणि हा माइकही आपल्या कानाच्या हिशेबानेच बनलेला. मग गडगडाट कुठून येतो? उथळ भूकंपाच्या पहिल्या लहरीत काही वेगवान कंपनंही असतात. ती वर आली की जमीन स्पीकरच्या पडद्यासारखी थरथरते. आपण ऐकतो तो एवढाच भाग.

खरी गोम पुढेच आहे. पहिली पी लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, जोरात हलवणारी एस लहर साडेतीन. घराच्या थेट खाली १० किलोमीटरवर भूकंप झाला, तर दोघींत अंतर जेमतेम सव्वा सेकंद. तेवढ्यात आई उंबऱ्यापर्यंतही पोचणार नाही. आणि खोटा अलार्म? १ फेब्रुवारी २०१९ ला ४ च्या वर तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा घाबरून पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. अशा गावात प्रत्येक ट्रकला बोंबलणारा बझर लावायचा?

मग हौस सोडायची? छे! जिओफोन घ्या. हा जमिनीचा माइक. आत लोहचुंबक आणि स्प्रिंगवर तारेचं वेटोळं. जमीन हलली की वीज निर्माण होते. सिग्नल मात्र फारच बारीक. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर, एडीएस१११५ सारखा १६ बिटचा कन्व्हर्टर आणि वेळ नोंदवायला घड्याळाची चिप हवी. जिओफोन तळमजल्याच्या फरशीवर ठेवा, पंप आणि फ्रिजपासून लांब. खिसा गरम असेल तर रास्पबेरी शेक हे तयार यंत्र मिळतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जमिनीची थरथर जगभर कशी कमी झाली, हे दाखवणाऱ्या संशोधनात अशा हौशी यंत्रांच्या नोंदीही होत्या.

तुमची नोंद मग राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या ‘भूकंप’ अ‍ॅपवरच्या यादीशी ताडून बघा. जुळली की जी मजा येते ना, ती टाळीच्या दिव्यात नाही.

आणि घरचे तिकडे असतील, तर त्यांच्यासाठी बझर नकोच. कपाट भिंतीला पक्कं करा, उशाशी टांगलेलं जड सामान उतरवा. ह्या कामाला सोल्डरिंग गन लागत नाही, ड्रिल मशीन पुरतं!