टू-थ्री डेज म्हणजे नेमके किती?

शुक्रवारची संध्याकाळ. साडेसहा वाजलेत, बॅग खांद्याला आहे आणि तेवढ्यात क्लायंटचा मेल टपकतो. तुम्ही उभ्या उभ्याच टाइप करता, ‘विल सेंड इन २-३ डेज’, सेंड मारता आणि सटकता. वीकएंड मस्त जातो. सोमवारी कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत मेल हजर: फाइल कुठे आहे? तुमच्या हिशेबात शनिवार-रविवार धरलेलेच नसतात. आणि मुळात ‘दोन-तीन दिवस’ म्हणजे काही दोन किंवा तीन दिवस नव्हेत. ‘बघतो लवकरच, मागे लागू नका’ याचं ते सभ्य रूप आहे. दोन-चार, पाच-दहा, पाच-पन्नास हे आकडे आपण हवेत हात फिरवून सांगतो. ‘साखरपुड्याला पाच-पन्नास माणसं होती’ असं कुणी म्हटलं तर आपण डोकी मोजायला बसत नाही.

समोरचा मात्र मोजतो. इंग्रजीत दोन आकड्यांच्या मध्ये रेघ ओढली की ती अंदाजाची राहत नाही, हद्दीची होते. शेताच्या बांधासारखी. इथून सुरू, इथे संपलं, मधलं सगळं आत. अंदाजच सांगायचा असेल तर ‘टू ऑर थ्री डेज’ लिहावं, नाहीतर सरळ ‘बाय वेन्सडे’ म्हणून मोकळं व्हावं.

आता ही बया एवढ्याशा रेघेवरून एवढी का तापलीय, असं वाटत असेल तुम्हाला. कारण आहे. या रेघेपायी आमच्या घरात तीन आठवडे कुणाला धड झोप नव्हती.

आमचं गाव सोनपेठ, जिल्हा परभणी. पुण्यात सांगताना ‘परळी माहितीय ना, वैजनाथाची? त्याच्या जवळ’ असं सांगावं लागतं. माझा चुलतभाऊ तिथेच शिकला. दहावी झाली मार्च २०१० मध्ये, मग अकरावी-बारावी, मग बाहेर पडून इंजिनिअरिंग, मग हिंजवडी. टिपिकल स्टोरी. दहा वर्षं एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत उड्या मारल्यावर त्याला एक झकास ऑफर आली. पगार जवळजवळ दीडपट. पठ्ठ्याने जुन्या ठिकाणी राजीनामा दिला, नोटीस पिरियड संपत आला आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या लोकांचा मेल आला. रात्री अकराला त्याचा फोन: “ताई, मी फ्रॉड आहे म्हणे.”

झालं असं होतं की सीव्हीमध्ये त्याने दहावीपुढे ‘मार्च २०१०’ आणि बारावीपुढे ‘२०१०-१२’ असं लिहिलं होतं. आपण सगळे लिहितो तसंच. तपासणारी मंडळी कुठल्यातरी दुसऱ्या खंडात बसलेली. त्यांनी ‘२०१०-१२’ वाचलं डिसेंबर २०१०. म्हणजे मार्चमध्ये दहावी, डिसेंबरात बारावी. वर प्रश्न: नऊ महिन्यांत हे कसं जमलं, खुलासा करा. खुलासा होईपर्यंत जॉइनिंग होल्डवर. इकडे जुना पगार बंद, आणि फ्लॅटचा हप्ता काही होल्डवर जात नाही.

काकांना सोनपेठला कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आरं, नऊ महिन्यांत लेकरू होतंय, बारावी न्हाई होत!”

गंमत म्हणजे त्या तपासनिसाची तशी चूकही नव्हती. तारखा लिहिण्याचा एक आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओ ८६०१ नावाचा. पहिल्यांदा १९८८ साली आला. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. त्या नियमाने २०१०-१२ म्हणजे डिसेंबर २०१०, दुसरं काही नाही. तिथे ‘पासून-पर्यंत’ दाखवायचं असेल तर दोन पूर्ण तारखांच्या मधोमध तिरकी रेघ देतात. आडवी रेघ तारखेच्या पोटात आधीच खर्च झालेली असते ना! तेव्हा २००१-०२ पासून २०११-१२ पर्यंतची कुठलीही जोडी तुमच्या सीव्हीमध्ये असेल तर ती सुतळी बॉम्बसारखी पडून आहे असं समजा. २०१२-१३ पासून धोका नाही, कारण तेरावा महिना अजून कुणी काढलेला नाही. अधिक मास आपला आपल्यापुरता.

पण मला सांगा, ‘२०१०-१२’ आपल्या हातून इतकं सहज का लिहिलं जातं? कारण आपलं वर्ष मुळातच दोन आकड्यांचं आहे. शाळा जूनला सुरू होते, सरकारचा हिशेब १ एप्रिल ते ३१ मार्च, उसाचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे पेटतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर विझतो. कुठलंच वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. आमच्याकडे तर त्याच्याही मागची गोष्ट आहे. सोनपेठ १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथले महसुली कागद फसली सनात लिहायचे, म्हणजे फसलीचं, पिकाचं वर्ष. ते ऑक्टोबरच्या सुमाराला बदलायचं. त्यामुळे फसली १३५७ म्हणजे कुठलं साल, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तरच नाही. १९४७-४८ असंच सांगावं लागतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं उघडली तेव्हा उर्दू आणि मोडीबरोबर हे सनही पुन्हा बाहेर आले. जमिनीच्या वादात आजही लोक १९५४-५५ चं खासरा पत्रक शोधत फिरतात. त्यातली रेघ दोन वर्षं सांगत नाही, एकच सांगते.

आणि खरी गोची इथेच आहे. आर्थिक वर्ष ‘२०२४-२५’ म्हणजे बारा महिने. पण ‘प्रोजेक्ट लीड, २०२४-२५’ म्हणजे? जानेवारी २०२४ ते डिसेंबर २०२५, असे चोवीस महिने असू शकतात. किंवा डिसेंबर ते जानेवारी, असे दोनच! ब्रिटिश संपादकांनी यावर छान तोड काढलीय. दोन कॅलेंडर वर्षांत पाय टाकून उभं असलेलं एकच वर्ष असेल तर तिरकी रेघ, २०२४/२५. खरोखर दोन वर्षांचा पल्ला असेल तर आडवी रेघ, २०२४–२५. मला हे जाम आवडतं. पण आपल्या ऑफिसात कुणी हा फरक पाळत नाही, तेव्हा सीव्हीमध्ये महिना लिहा. ‘जून २०१० टू मार्च २०१२’. चार अक्षरं जास्त लागतात, नोकरी वाचते.

काकांचा किस्सा राहिलाच. त्यांचं खत-बियाणांचं दुकान आहे. भावाने हौसेने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला, स्टॉक एक्सेलमध्ये ठेवा म्हणाला. काकांनी पहिल्याच दिवशी खताचं नाव टाकलं, १०-२६-२६. आमच्याकडे कुणीही शेतकरी दुकानात येऊन ‘दहा-सव्वीस-सव्वीस द्या’ म्हणतो. नत्र, स्फुरद, पालाश यांचे ते टक्के. एंटर मारलं आणि स्क्रीनवर आली तारीख: २६ ऑक्टोबर २०२६. मशीनची सेटिंग अमेरिकन होती. काका बघतच राहिले. मग त्यांनी ‘७/१२’ टाकून पाहिलं. त्याची झाली १२ जुलै. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, मिळून सातबारा. त्यात ना तारीख, ना सातपासून बारापर्यंतचा पल्ला. पण एक्सेलला कोण सांगणार? (आधी वरचं एकेरी अवतरणचिन्ह टाकून मग आकडा लिहिला की ते गप्प बसतं. काकांनी हे वहीत लिहून ठेवलंय.)

काकांना हसू नका. मानवी जनुकांवर काम करणारे शास्त्रज्ञही यात सापडले. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी जनुकांची नावं एक्सेल बिनबोभाट तारखांमध्ये बदलून टाकायचं. २०१६ च्या एका अभ्यासात तपासलेल्या शोधनिबंधांपैकी, ज्यांच्यासोबत एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या होत्या, त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाचं जनुक बदललेलं परवडलं!

असो. रोजच्या मेलमधली एक सवय मात्र आजच सोडा. ‘बिट्वीन १० टू ५’. आपण ‘दहा ते पाचच्या दरम्यान’ म्हणतो, म्हणून ते तोंडात बसलंय. इंग्रजीत जोड्या ठरलेल्या आहेत. ‘फ्रॉम’ आलं की ‘टू’ आलंच, ‘बिट्वीन’ आलं की ‘अँड’. एकीचा नवरा दुसरीला लावून देऊ नका. आणि एकदा ‘फ्रॉम’ किंवा ‘बिट्वीन’ शब्द लिहिला की पुढे रेघ नको. ‘फ्रॉम १०–५’ म्हणजे अर्धं वाक्य शब्दात आणि अर्धं खुणेत. नुसतं ‘१०–५’ चालेल. ऑफर लेटरवाल्यांनो, ‘रु. ५–१० लाख’ हेही जरा जपून. आपल्याला कळतं, परदेशातल्या वकिलाला पाच रुपये दिसू शकतात. ‘रु. ५ लाख टू रु. १० लाख’ लिहा. आणि शतक बदलत असेल तर वर्षाची शेपटी कापू नका. १९९८–०१ नाही, १९९८–२००१.

ती रेघसुद्धा साधी नाही बरं का. कीबोर्डवर शून्याशेजारी बसते ती हायफन, शब्द जोडणारी. पल्ल्याची रेघ तिच्यापेक्षा थोडी लांब, तिचं नाव एन डॅश. जुन्या छापखान्यातल्या ‘एन’ अक्षराच्या मापावरून पडलेलं. शिकागो मॅन्युअल हीच वापरायला सांगतं, तीही दोन्हीकडे जागा न सोडता. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेसच्या बातम्यांत मात्र हायफनवरच भागवतात. विंडोजवर आल्ट दाबून नंबर पॅडवर ०१५०, मॅकवर ऑप्शन आणि हायफन, फोनवर हायफन जरा दाबून धरा. बॉसला फरक कळणार नाही. डिझायनरला कळेल, आणि तो तुमच्याकडे आदराने बघेल.

राहता राहिली रजा. ‘लीव्ह फ्रॉम १२ टू १५’. किती दिवस? तीन की चार? एचआरशी भांडायच्या आधी हे ऐका. आपल्याकडे १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आहे, आजही लागू. कायद्यांच्या भाषेसाठी त्याच्या नवव्या कलमात सांगितलंय की पहिला दिवस वगळायचा तर ‘फ्रॉम’ वापरलं की पुरे, आणि शेवटचा दिवस धरायचा तर ‘टू’. म्हणजे कायद्याच्या चष्म्यातून बघितलं तर फ्रॉम बाराचा बारावा दिवस बाहेरच! म्हणून तर कंपन्यांच्या नोटिशीत ‘बोथ डेज इन्क्लुसिव्ह’ हे शेपूट दिसतं. आपल्याला ते बाबूगिरीचं वाटतं, पण त्या तीन शब्दांनी किती भांडणं वाचत असतील. अमेरिकन लोक त्यासाठी ‘थ्रू’ म्हणतात. ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार आत. आपलं ‘टिल फ्रायडे’ मात्र शुक्रवारला उंबऱ्यावर उभं करतं, आत की बाहेर ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी तर रजेच्या अर्जात सरळ लिहिते: चार दिवस, १२ टू १५, बोथ डेज इन्क्लुसिव्ह, बॅक ऑन १६. कुणी हसलं तर हसू दे.

भावाचं पुढे काय झालं? त्याच्यासाठी मी पाच ओळींचा खुलासा लिहिला. जून २०१० टू मार्च २०१२, दोन शैक्षणिक वर्षं, सोबत दोन्ही गुणपत्रिका आणि कॉलेजचा दाखला. दाखला आणायला काका स्वतः गेले. क्लार्कने नेहमीच्या सवयीने ‘२०१०-१२’ लिहिलं, तर काकांनी तो तिथेच परत केला. “महिना टाका सायब, लेकराची नोकरी हाय.” कागद गेल्यावर आठवा दिवस उजाडला आणि जॉइनिंगचा मेल आला.

परवा त्याने काकूला फोन केला. नवीन नोकरी लागल्यापासून गावी गेला नव्हता. काकूने विचारलं, कधी येतोस? म्हणाला, “येतो गं, दोन-चार दिवसांत.” काकूने तारीख विचारली नाही. फोन ठेवला आणि ज्वारी निवडायला घेतली.