मलंगगडची यात्रा आणि पायथ्याचा शेतकरी

माघी पौर्णिमेच्या सुमारास हाजी मलंगबाबांच्या यात्रेसाठी कल्याणहून मलंगगडाकडे माणसांची रीघ लागते. मुसलमान व हिंदू, दोन्ही समाजांचे भाविक गड चढतात. दर्ग्याच्या वहिवाटीशी कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याचा वंशपरंपरेचा संबंध आहे, हेही सर्वश्रुत आहे. पावसाळ्यात सहलीस येणाऱ्यांची त्यात भर पडते. परंतु या गर्दीतून पायथ्याच्या शेतकऱ्याच्या पदरी काय पडते? बहुधा बांधावरचा कचरा, आणि जमिनीस गिऱ्हाईक. यात पालट व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2020 साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. धोरण चांगले, पण पाहुण्यांस कोणत्या नियमाने बोलवावे, हे गावानेच ठरविले पाहिजे. तो नियम शोधण्यास दूर जावयास नको. आपला 'मसलत' हा शब्द अरबी 'मस्लहत' यापासून आला. इस्लामी धर्मशास्त्रात त्याचा अर्थ लोकहित असा आहे. कोणी कोणास अपाय करू नये, हे त्या शास्त्राचे एक मूळ सूत्र होय. पाणवठा, वाट आणि सावलीची जागा घाण करण्यास पैगंबरांनी मनाई केली, असे हदीस सांगते. वक्फाची कल्पनाही अशीच: मूळ मालमत्ता अबाधित ठेवून केवळ उत्पन्न सत्कार्यी लावावयाचे. बियाण्याच्या कणगीस हात न लावणाऱ्या शेतकऱ्यास हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

म्हणून आमची सूचना अशी. माघात पुष्कळशी भातखाचरे मोकळी असतात. तेथे यात्रेकरूंची वाहने व मुक्काम यांची सोय भाड्याने करता येईल. वालाचे पीक उभे असेल ती खाचरे अर्थातच वगळावीत. मात्र त्याच सुमारास विहिरींचे पाणी उतरू लागते. सबब पाणी पाहूनच पाहुणे घ्यावेत. जेवणात घरचा तांदूळ, वाल व भाजीपाला द्यावा, आणि कामास गावातील भूमिहीनांस प्रथम बोलवावे. उत्पन्नाचा ठराविक हिस्सा पाणवठे, वाटा व सफाई यांसाठी सामाईक ठेवावा.

कोणी म्हणेल, एवढ्या खटपटीपेक्षा जमीन विकलेली बरी. ठाणे, कल्याण व डोंबिवली यांच्या आसपासची किती शेते इमारतींखाली गेली, हे आमच्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तो पैसा एकदाच आला. राखलेली जमीन दरसाल भात देईल आणि पाहुणाही आणील. येत्या माघापूर्वी पायथ्याच्या ग्रामसभांनी याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.