गुण वाढवता येतात



नववी-दहावीत गुण कमी पडले की काही मुले-मुली म्हणतात, "आता मोठ्या विद्यापीठाचे नाव कशाला घ्यायचे?" माझ्या मते हा विचार चुकीचा आहे. गुणपत्रिका म्हणजे तुमच्या बुद्धीचा निवाडा नव्हे. कोणता विषय कच्चा राहिला, एवढेच ती सांगते.

म्हणून ती लपवू नका. शाळेत तपासून मिळालेली उत्तरपत्रिका नीट पाहा. उत्तर येत नव्हते, वेळ पुरला नाही, की प्रश्नच समजला नाही? प्रत्येक चुकीचा उपाय वेगळा असतो. सूत्र पाठ असूनही गणित चुकत असेल, तर रोज पाच गणिते सोडवा. विज्ञानातील उर्दू संज्ञेपुढे तिचा इंग्रजी शब्द लिहून ठेवा. पुढे कॉलेजात तो कामी येईल.

दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून पदवीच्या नियमित वर्गांचे प्रवेश मुख्यतः 'सीयूईटी' या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. ही परीक्षा उर्दूतूनही देता येते. बारावीचे गुण वाढवायचे असतील, तर आपल्या राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. मात्र दुसऱ्या संधीच्या भरवशावर पहिली संधी वाया घालवू नका.

हे घरी अम्मी-अब्बांनाही सांगा. एका निकालावरून कोणाचे, विशेषतः मुलीचे, शिक्षण थांबवणे हा अन्याय आहे. कमी गुण वाढवता येतात. सुटलेली शाळा पुन्हा धरणे फार कठीण असते.