वर्ष वाचेल, पण फिल्डवर्कचं काय?

तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं एमएस्सी. हे पाठ झालेलं गणित आता बदलतंय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली, तर पुढची एमएस्सी एका वर्षात करता येते. शिवाय ज्यांना झेपेल त्यांनी पदवी लवकर संपवावी, यासाठी यूजीसीने ‘अॅक्सिलरेटेड डिग्री’ची वाटही खुली केली आहे.

तुम्ही जिऑलॉजी घेतलं असेल, तर हा बदल नीट समजून घ्या. कारण या विषयात नुसत्या बीएस्सीवर फार पुढे जाता येत नाही. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया आणि केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञांची भरती यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून होते. तिला मास्टर्स लागतेच. साहजिकच, जितकी लवकर मास्टर्स तितकं बरं, असं वाटणारच.

खरंच किती वाचतं?

तीन अधिक दोन म्हणजे पाच. चार अधिक एक म्हणजेही पाचच! म्हणजे सरळ मार्गाने एकही वर्ष वाचत नाही. अभ्यासक्रम सलग आखला असेल, तर वाचते ती पुनरावृत्ती. बीएस्सीला शिकलेली खनिजं आणि स्फटिकं एमएस्सीला पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागत नाहीत. हा फायदा खरा आहे.

वेळ वाचतो तो ‘अॅक्सिलरेटेड’मध्ये. पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर हा पर्याय निवडायचा, दर सेमिस्टरला जादा क्रेडिट्स घ्यायची आणि चार वर्षांची पदवी जास्तीत जास्त दोन सेमिस्टर आधी संपवायची. एकूण क्रेडिट्स मात्र तेवढीच.

खडक घाई करत नाहीत

गोची इथेच आहे. थिअरी रात्री जागून संपवता येते, मॅपिंग नाही. आपल्याकडे पावसाळ्यात सगळं हिरवंगार. खडक झाकलेले, ओढे भरलेले. खरं फिल्डवर्क होतं ते दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पदवीचं एक वर्ष कमी झालं, की असा एक अख्खा हंगाम गेला. उरलेल्या हंगामांतल्या सुट्ट्याही जादा क्रेडिट्स खाणार.

त्यात महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा. कॉलेजजवळच्या टेकड्या पाहून बेसाल्ट कळेल. पण चंद्रपूरचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज, सिंधुदुर्गातले जुने खडक बघायला तिथेच जावं लागतं.

आणि हा प्रश्न फक्त मार्कांचा नाही. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) इथल्या दरडींनी गावंच्या गावं गाडली. उद्या एखाद्या उताराखालची वस्ती हलवायची की नाही, हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. तो अंदाज उतार पायाखाली घालूनच येतो.

मग करायचं काय?

पर्याय निवडण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. जादा क्रेडिट्स घेताना फिल्डचे दिवस कमी होणार का? मॅपिंगचा स्वतंत्र प्रकल्प आहे का? चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक कॉलेजात आहेत का? ज्या नोकरीवर डोळा आहे, तिच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळही शब्दन् शब्द वाचा.

उत्तरं समाधानकारक असतील, तर बिनधास्त वेग वाढवा. नसतील, तर पूर्ण वेळ घ्या. जिओ-सायंटिस्ट परीक्षेची खुल्या गटातली वयोमर्यादा ३२ वर्षं आहे. एका वर्षाने तिथे काही अडत नाही.