अलीकडे 370, पलीकडे 312. सरकारी कामावरचा रोज ठरवतं कोण आणि तपासतं कोण?

मंठाळ (ता. बसवकल्याण, जि. बिदर) : रोजगार हमीच्या कामावर कर्नाटकात 2025-26 या वर्षासाठी दिवसाला 370 रुपये दर होता. मंठाळ होबळीतून सीमा ओलांडून उमरगा किंवा निलंगा तालुक्यात गेलं की त्याच खोदकामाचा दर 312 रुपये व्हायचा. मुरूम दोन्हीकडे सारखाच, फरक 58 रुपयांचा. शंभर दिवस भरले तर 5,800 रुपये.

या फरकाची चर्चा पारावर नेहमी होते. पण सीमाभागातले बरेच मजूर रोजगार हमीपेक्षा गुत्तेदाराच्या हाताखालीच जास्त राबतात. पंचायतीची नाली, सिमेंट रस्ता, अंगणवाडी, शाळाखोली ही सगळी सरकारी पैशाची कामं. तिथला रोज सकाळी मुकादमाच्या तोंडी ठरतो. कायद्याने तिथे कोणता दर लागू आहे आणि तो मजुराच्या हातात पडतो का, हे बिल काढताना पाहिलं जात नसेल तर दर वाढल्याच्या बातमीचा या मजुराला काय उपयोग?

58 रुपयांचा फरक कुठून आला?

रोजगार हमीचा दर राज्य सरकार ठरवत नाही. 2005 च्या कायद्यातल्या कलम 6 नुसार तो केंद्र ठरवतं, आणि तोही किमान वेतन कायदा बाजूला ठेवून. 1 जानेवारी 2009 पासून केंद्राने हा अधिकार वापरायला सुरुवात केली. दरवर्षी त्या त्या राज्यातल्या शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे दर वाढतो. मुळातला दर ज्या राज्यात कमी होता, ते राज्य मागेच राहतं. 2022-23 मध्ये कर्नाटकात 309 आणि महाराष्ट्रात 256 रुपये होते, म्हणजे फरक 53 चा. 2023-24 मध्ये तो 43 वर आला (316 आणि 273), 2024-25 मध्ये पुन्हा 52 वर गेला (349 आणि 297) आणि 2025-26 मध्ये 58 झाला.

किमान वेतनापेक्षा कमी दर देता येतो का, हा वाद कर्नाटकातूनच वर गेला. 23 सप्टेंबर 2011 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने रोजगार हमीवरही किमान वेतन द्यावंच लागेल असा निकाल दिला. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी 2012 मध्ये तिथे स्थगिती मिळाली नाही, तरी दर ठरवण्याची पद्धत केंद्राने बदलली नाही.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी ‘व्हीबी-जी राम जी’ नावाने ओळखला जाणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात 100 ऐवजी 125 दिवसांची हमी आहे आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा 40 टक्के वाटा टाकला आहे. दर ठरवण्याचा अधिकार मात्र केंद्राकडेच ठेवला आहे.

काम जिथे, दर तिथला

गुत्तेदाराच्या कामाचा हिशेब वेगळा आहे. रस्ते आणि इमारत बांधकाम हे 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत पहिल्यापासून होतं. या कामाचं किमान वेतन राज्य सरकार जाहीर करतं आणि त्यात महागाई भत्ता मिळवला जातो. इथे सीमाभागातल्या मजुराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दर कामाच्या जागेवरून ठरतो, मजुराच्या आधार कार्डावरच्या पत्त्यावरून नाही. उमरग्याचा गवंडी मंठाळमध्ये पंचायतीच्या कामावर आला तर त्याला कर्नाटकचा दर लागू होतो. मंठाळचा बिगारी निलंग्यात गेला तर महाराष्ट्राचा. ‘तुमच्याकडं एवढाच रोज आहे की’ हे मुकादमाचं बोलणं कायद्यात बसत नाही.

बायकांना कमी रोज देण्याची रीतही अशीच बेकायदा आहे. समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 मध्ये झाला. रोजगार हमीवर तो पाळला जातो, कारण तिथे दर एकच आहे आणि पैसे खात्यावर येतात. खासगी हजेरीवर मात्र डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईचा रोज वेगळा सांगितला जातो.

मुकादमाचा एक रुपया

सरकारी कामावर गुत्तेदाराने कमी पैसे दिले तर सरकारचा काय दोष, हा प्रश्न 1982 मध्येच निकाली निघाला आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावर मजुरांचा किमान रोज 9 रुपये 25 पैसे होता. गुत्तेदार पैसे जमादाराकडे द्यायचा आणि जमादार एक रुपया कापून 8 रुपये 25 पैसे हातावर ठेवायचा. 18 सप्टेंबर 1982 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही वेठबिगारी आहे. घटनेच्या कलम 23 ने ती बंद केली आहे, आणि काम ज्याचं, त्या सरकारी संस्थेला हात झटकता येणार नाहीत. पुढच्याच वर्षी राजस्थानच्या दुष्काळी कामांबाबतही हाच न्याय लागू झाला.

तो एक रुपया आजही कापला जातो, फक्त रक्कम वाढली आहे. निविदा अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, म्हणजे ‘बिलो’ भरली जाते. सिमेंट, खडी, सळई यांचे भाव गुत्तेदाराच्या हातात नसतात. काम पुढे पोटगुत्तेदाराकडे, तिथून मुकादमाकडे गेलं की प्रत्येक जण आपला वाटा काढतो. शेवटी कात्री लागते ती रोजाला. गंमत अशी की अंदाजपत्रक ज्या दरसूचीवरून होतं, त्यात मजुरीचा दर धरलेला असतो. सरकारी तिजोरीतून पूर्ण मजुरीचा पैसा मोजला जातो आणि मजुरापर्यंत तो अर्धामुर्धा पोहोचतो.

बिलालाच अट हवी

अमेरिकेत हाच घोळ जवळपास शंभर वर्षांपूर्वी झाला. न्यूयॉर्कजवळच्या सरकारी रुग्णालयाच्या कामावर अलाबामाच्या गुत्तेदाराने तिकडचे स्वस्त मजूर आणले. त्यातून 1931 चा डेव्हिस-बेकन कायदा झाला. सरकारी बांधकामावर त्या भागात चालू असलेला रोज द्यावाच लागेल, असं त्यात सांगितलं आहे.

आपल्याकडेही तशी सोय आहे, पण कागदावर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटात ‘रास्त वेतना’ची अट असते. गुत्तेदाराने ते दिलं नाही तर त्याच्या बिलातून रक्कम कापून मजुराची भरपाई करण्याचा अधिकार अभियंत्याला आहे. कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांनुसार मजुरीचा दर कामाच्या जागी, बहुसंख्य मजुरांना समजेल अशा भाषेत लावायचा असतो. सीमाभागात याचा सरळ अर्थ कन्नडसोबत मराठीही, असा होतो.

गावपातळीवर अडचण आकड्याची आहे. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 मजुरांपासून पुढे लागायचा. नव्या संहितेत ती मर्यादा 50 झाली आहे. नालीच्या कामावर दहा-बारा माणसं असतात, म्हणजे गावातलं काम दोन्ही वेळा बाहेरच राहिलं. किमान वेतनाला मात्र अशी मर्यादा नाही. मजूर एकच असला तरी ते लागू होतं.

नव्या संहितेत काय मिळालं?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत मजुराच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. थकलेल्या मजुरीचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. किमान वेतन कायद्यात ही मुदत सहा महिने होती. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आणि गुत्तेदाराने बुडवलं तर काम ज्या आस्थापनेचं, तिच्यावर पैसे देण्याची जबाबदारी येते. रोजगार हमीला मात्र या संहितेबाहेर ठेवलं आहे.

बांधकाम उपकराचंही असंच आहे. सरकारी कामाच्या खर्चाच्या 1 टक्का रक्कम कामगार कल्याण मंडळाकडे जाते, म्हणजे 10 लाखांच्या रस्त्यामागे 10,000 रुपये. बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर राबलेला 18 ते 60 वयाचा मजूर नोंदणीला पात्र आहे. 1996 च्या मूळ कायद्यात तो कोणत्या राज्यातला असावा, अशी अट नव्हती.

पंचायतीच्या हातात काय आहे?

बंगळुरू-दिल्लीच्या आदेशाची वाट न पाहता काही गोष्टी गावातच करता येतील. अंतिम बिलाला मोजमाप पुस्तक लागतं, तसं मजुरीचं पत्रकही लागावं. त्यात नाव, दिवस, दर आणि खात्यावर पैसे जमा झाल्याची नोंद असावी. कामाच्या फलकावर गुत्तेदाराचं नाव आणि खर्चाचा आकडा लिहितात, त्याखाली रोजाचा दर एका ओळीत बसतो. ग्रामसभेत पीडीओंना हा दर विचारता येतो. मजुरानेही आपली हजेरी वहीत किंवा फोनमध्ये तारखेनिशी ठेवावी, कारण दाव्याच्या वेळी तीच उपयोगी पडते.

बसवण्णांनी याच कल्याणात ‘कायक’ म्हणजे श्रम पवित्र मानले. तिथे नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी जानेवारी 2021 मध्ये झाली. त्याच तालुक्यात सरकारी बिल पास करताना मजुराच्या रोजाचा कागद कुणी मागत नसेल, तर तो मागायला सुरुवात करणं हे पंचायतीच्या पुढच्या बैठकीत होण्यासारखं काम आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, एक ठराव पुरतो.